आदाम ते नोहा: दहा नावांत खरंच एक वाक्य लपलंय का?

पाटवाट:
आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप गटात दर थोड्या दिवसांनी एक ढकलपत्र फिरून येतं. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली दहा नावं घ्यायची: आदाम, शेथ, अनोश, केनान, महललेल, यारेद, हनोख, मथुशलह, लामेख, नोहा. प्रत्येकाचा हिब्रू अर्थ लिहायचा आणि ते अर्थ ओळीनं वाचायचे. मग म्हणे असं वाक्य तयार होतं: 'मनुष्याच्या वाट्याला मर्त्य दुःख नेमलेलं आहे, पण धन्य देव खाली उतरून शिकवील, आणि त्याचा मृत्यू हताशांना विसावा देईल.' म्हणजे सगळी सुवार्ता पहिल्या दहा पिढ्यांच्या नावांतच दडलेली.

आम्ही नगरकडचे. घरात पवित्र शास्त्र रोज वाचलं जातं, पण १ इतिहास उघडलं की पहिले नऊ अध्याय सगळेच भराभर उलटतात, कारण नुसती नावं. मला आता त्याच नावांची ओढ लागली आहे. हिब्रू येत नाही, म्हणून इथे विचारते. हे अर्थ बरोबर आहेत का? आणि वंशावळींतल्या इतर नावांबद्दल जे काही माहीत असेल ते सगळं लिहा. लांब लिहिलंत तरी चालेल.

खालूबाजा:
सतरंजी अंथरून बसलो आहे. येऊ द्या.

शब्दांकुर:
छान विषय काढलात, पाटवाटताई. काही वर्षं हिब्रू शिकतोय, तेव्हा एकेक नाव घेऊ.

आदाम म्हणजे माणूस. अदामा म्हणजे जमीन, माती. इथे वाद नाही. शेथचा अर्थ हव्वेनंच सांगितलाय (उत्पत्ती ४:२५): हाबेलाच्या जागी देवानं मला दुसरं संतान 'नेमून दिलं'. हेही ठीक, फक्त तिथे नेमलंय ते बाळ, दुःख नव्हे. अनोश म्हणजे मर्त्य माणूस, मान्य.

केनानपाशी गाडी रुळावरून घसरते. 'किना' म्हणजे मयताच्या वेळचं विलापगीत. उच्चार जवळचा म्हणून केनानला 'दुःख' चिकटवलंय. खरं तर हे नाव काइनच्या नावाचं सख्खं दिसतं, आणि अरबीत 'कैन' म्हणजे लोहार. महललेल म्हणजे 'देवाची स्तुती'. त्याचं 'धन्य देव' करताना स्तुती गायब केली. यारेदमध्ये 'उतरणे' हा धातू आहे, बरोबर. हनोखमध्ये ह-न-ख, म्हणजे समर्पित करणं, वळण लावणं. हनुक्का या यहुदी सणाचं नाव याच धातूचं.

मथुशलहचं 'त्याचा मृत्यू' कसं केलं बघा. 'मूथ' म्हणजे मरणे, तो धातू आणून बसवला. पण 'मथु' हा 'माणूस' या अर्थाचा जुना शब्द आहे. मथुशाएल या नावात तोच आहे (उत्पत्ती ४:१८). 'शलह' म्हणजे फेकून मारायचं शस्त्र. म्हणजे झाला 'भाल्याचा माणूस', भालेराव म्हणा! लामेखचं तर काहीच धड सांगता येत नाही. ल-म-ख असा धातूच बायबलच्या हिब्रूत नाही. 'हताश' ही शुद्ध भर आहे.

नोहा म्हणजे विसावा, नूह धातूवरून. पण लामेख बाळाचं नाव ठेवताना काय म्हणतो (५:२९)? 'हा आमचं सांत्वन करील.' सांत्वनाचा धातू नहाम. दोन्ही वेगळे, नुसते कानाला जवळचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

आणि 'उतरेल', 'शिकवील', 'देईल' हा भविष्यकाळ या नावांत कुठेच नाही. तो ढकलपत्र लिहिणाऱ्याचा.

दीपस्तंभ:
शब्दांकुर, तुमच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण मथुशलहबद्दल एवढं झटकन मोडीत काढू नका. आमच्या पाळकांनी उपदेशात हिशेब करून दाखवला होता. मथुशलह ज्या वर्षी गेला त्याच वर्षी जलप्रलय आला. मग 'त्याच्या मृत्यूनंतर येईल' हा अर्थ त्याच्या आयुष्यातच लिहिलेला नाही का? देवाला नावांतून बोलायचं असेल तर त्याला व्याकरण आडवं येईल असं मला वाटत नाही.

मोजपट्टी:
हिशेब बरोबर आहे. मथुशलह १८७ वर्षांचा असताना लामेख झाला, लामेख १८२ चा असताना नोहा, आणि नोहा ६०० वर्षांचा असताना जलप्रलय. १८७ + १८२ + ६०० = ९६९. मथुशलहचं आयुष्यही ९६९. जुळलं.

पण हे आकडे आपण वाचतो त्या हिब्रू पाठाचे. जुन्या ग्रीक भाषांतराच्या अनेक प्रतींत १६७ आणि १८८ आहे. तिथे बेरीज ९५५ होते, आयुष्य मात्र ९६९ च. म्हणजे मथुशलह जलप्रलयानंतर १४ वर्षं जिवंत राहतो, तेही तारवात न बसता! पुढच्या लोकांनी यावर बरंच डोकं खाजवलंय. शोमरोनी पाठात (शोमरोनी समाजानं जपलेल्या हिब्रू प्रतींत) ६७ + ५३ + ६०० = ७२०, आयुष्य ७२०, परत जुळलं. पण त्या पाठात यारेद आणि लामेखही नेमके त्याच वर्षी वारतात. मग नावाचा मान एकट्या मथुशलहला का द्यायचा?

खालूबाजा:
१४ वर्षं पोहत होता की काय? भालेरावांचा दम मानायला हवा.

शेवंती:
मला यातली खरी गंमत चौथा आणि पाचवा अध्याय शेजारी ठेवल्यावर कळली. काइनची ओळ: काइन, हनोख, ईराद, महूयाएल, मथुशाएल, लामेख. शेथकडची ओळ: केनान, महललेल, यारेद, हनोख, मथुशलह, लामेख. हनोख आणि लामेख दोन्हींकडे, बाकीच्यांचे उच्चार एकमेकांना लागून. पाचव्या अध्यायातल्या हनोखच्या नावात संदेश असेल, तर चौथ्यातल्या हनोखच्या नावातही तोच असायला हवा. खुनी काइनच्या खानदानातून कुणी वाक्य काढलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दीपस्तंभ:
शेवंतीताई, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी माझ्या मतावर आहे, पण हे पाळकांना विचारतो.

खालूबाजा:
अवांतर: यशया, यिर्मया, जखऱ्या, हिज्कीया, हनन्या... आणि आमच्या वर्गात गण्या, दिन्या, पक्या. सगळा एकच गाव दिसतो.

शब्दांकुर:
खालूबाजा, :) कानाला तसंच वाटतं, पण तिकडचा 'या' म्हणजे परमेश्वराच्या नावाचा छोटा तुकडा, 'याह'. यशया म्हणजे 'परमेश्वर तारण आहे', जखऱ्या म्हणजे 'परमेश्वराला आठवण राहिली', हनन्या म्हणजे 'परमेश्वरानं कृपा केली'. पुष्कळ नावं म्हणजे एकेक पूर्ण वाक्यच असतात: कर्ता देव, क्रियापद त्यानं केलेलं काम. 'एल' असलेली नावंही तशीच. हनानेल आणि हनन्या एकाच अर्थाचे, फक्त देवाचं नाव वेगळं.

नारळीपोफळी:
धागा आत्ता पाहिला. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, मूळची अलिबागकडची, आता इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तुम्ही ज्या नावांचे अर्थ शोधताय ते इथे रस्त्यात कानावर पडतात. तामार म्हणजे बाजारातला खजूर. यहूदाची सून तामार, दावीदाची मुलगी तामार, आणि दुकानात किलोवर मिळतो तोही तामार.

याएल हे नाव शास्ते ग्रंथातल्या शूर बाईचं. एन-गेदीला गेलात तर याएल डोळ्यांनी दिसेल. मृत समुद्राच्या काठचा तो कोरडा उभा कडा, पायाला धरायला काही नाही अशा जागी रानबकरे निवांत चालत असतात, मागे वळलेली गाठी-गाठींची शिंगं घेऊन. तेच याएल. शौल राजा दावीदाला शोधत आला तो 'रानबकऱ्यांचे खडक' हाच भाग (१ शमुवेल २४). खाली दगडांच्या फटीत आणखी एक प्राणी उन्हाला बसलेला असतो, सशाएवढा, गुबगुबीत, बिनशेपटीचा. तो शाफान. आणि शाफान हे योशीया राजाच्या चिटणिसाचं नाव!

शेवंती:
नारळीपोफळी, अहाहा! मग २ राजे २२ परत वाचा. मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडतं, राजा घाबरतो आणि संदेष्ट्रीकडे माणसं पाठवतो. माणसांत कोण कोण? शाफान आणि अखबोर. अखबोरच्या नावात उंदीर आहे. जातात कुणाकडे? हुल्दाकडे. हुल्दा म्हणजे बिळात राहणारा मुंगसासारखा प्राणी. एवढ्या गंभीर प्रसंगाला अशी मंडळी! पण त्या काळी कुणाला त्यात हसू आलं असेल असं वाटत नाही. कालेबच्या नावात कुत्रा ऐकू येतो, योना म्हणजे कबुतर, दबोरा मधमाशी, राहेल मेंढी. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची मोजदाद आहे, तिथे परोशाचे वंशज २१७२. परोश म्हणजे पिसू.

नारळीपोफळी:
इथे हुल्दा म्हणजे आता घूस. मुलीचं नाव हुल्दा ठेवायला कुणी धजत नाही.

पाटवाट:
किती छान लिहिताय सगळे! नारळीपोफळीताई, तुमच्या कोकणातल्या नावांबद्दलही लिहा ना. ती याच वंशावळींतून आली ना?

नारळीपोफळी:
हो, पण कोकणी पाणी पिऊन. अब्राहामचा अब्राजी, इसहाकचा इसाजी, दावीदचा दाऊदजी, शमुवेलचा सामाजी, एलियाचा एलोजी, यहेज्केलचा हसाजी. आडनाव गावावरून: दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद.

मुंबईतलं आमचं पहिलं सभास्थान १७९६ साली मांडवीत बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. नाव वाचताना मराठा सरदार वाटतो ना? पण अर्थ लावून बघा. हसाजी म्हणजे यहेज्केल, 'देव बळ देतो'. सामाजी म्हणजे शमुवेल. सभास्थानाचं नाव शाअर हारहामीम, 'दयेचं दार'. 'रहामीम' म्हणजे दया, आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, धातू एकच. रहामीम हे आमच्यात पुरुषांचं नावही असतं.

रानवाटा:
'रहामीम'वरून आठवलं. होशेय संदेष्ट्याच्या मुलीचं नाव लो-रुहामा, म्हणजे 'जिच्यावर दया झाली नाही'. त्याच धातूचं. धाकट्या भावाचं लो-अम्मी, 'माझे लोक नव्हेत'. बापाला ती नावं देवानं ठेवायला सांगितली, इस्राएलाला ऐकू जावं म्हणून. पण घरात त्या पोरीला रोज हाक मारली असेल ना, 'दया नाही, जेवायला ये'? हे मला सहन होत नाही.

आपल्याकडच्या 'नकुशी' आठवल्या. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २०० हून अधिक मुलींची ती नावं समारंभ करून बदलली. होशेयच्या पुस्तकातही पुढे नकार काढून टाकलाय, तिथे 'अम्मी' आणि 'रुहामा' एवढंच उरतं. ते वाचून बरं वाटलं.

खापरतुकडा:
नावं बदलण्याचा विषय निघालाच आहे तर शौलाच्या घराण्याकडे बघा. शौलाचा मुलगा २ शमुवेलमध्ये ईश-बोशेथ आहे, म्हणजे 'लाजेचा माणूस'. राजा आपल्या मुलाचं नाव असं ठेवील? १ इतिहास ८:३३ मधल्या वंशावळीत तोच माणूस एशबाल आहे, 'बालाचा माणूस'. शौलाचाच मुलगा योनाथान, त्याचा मुलगाही तसाच: एका ठिकाणी मफीबोशेथ, वंशावळीत मरीब्बाल. नंतरच्या काळात बाल दैवताचं नाव तोंडी घेणं नकोसं झालं आणि त्या जागी 'बोशेथ', लाज, घातलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. भराभर उलटल्या जाणाऱ्या वंशावळीनं जुनं नाव जसंच्या तसं जपलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि हे नुसतं पोथीतलं नाही. एला खोऱ्यात खिर्बेत कैयाफा नावाचं ठिकाण आहे. तिथे २०१२ साली एका फुटक्या रांजणाचे तुकडे मिळाले. ते जुळवल्यावर भाजण्याआधी ओल्या मातीवर कोरलेली अक्षरं लागली: 'एशबाल बेन बेदा'. २०१५ मध्ये जाहीर झालं. रांजण साधारण ३००० वर्षांपूर्वीचा. हा शौलाचा मुलगा नव्हे, बापाचं नाव वेगळं आहे. पण त्या काळात माणसं हे नाव उघडपणे लावत होती याचा तो पुरावा.

मोजपट्टी:
म्हणजे शौलाचं घराणं बालाला भजत होतं?

खापरतुकडा:
तसं म्हणता येणार नाही. 'बाल' या शब्दाचा साधा अर्थ मालक, धनी. परमेश्वरालाही तेव्हा कुणी 'बाल' म्हणत असणार. योनाथानाचं नाव तर परमेश्वरावरूनच आहे, 'परमेश्वरानं दिला'. एकाच बापाची ही दोन मुलं. दावीदाचाही एक मुलगा एका यादीत एल्यादा आहे आणि १ इतिहास १४:७ मध्ये बेल्यादा.

शेवंती:
आणि हिब्रूत बाल म्हणजे नवराही. आपल्याकडच्या बायका 'धनी' म्हणत तसंच. होशेयच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो की यापुढे तू मला 'माझा पुरुष' म्हणशील, 'माझा बाल' म्हणणार नाहीस. रानवाटा, तुमची लो-रुहामा ज्या पानावर आहे त्याच्या शेजारीच आहे बघा.

दीपस्तंभ:
माहितीपूर्ण चर्चा. पण माझा एक प्रश्न आहे. नावांचे अर्थ शास्त्रातच दिलेत. याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल यांनी एकेका मुलाचं नाव कारण सांगून ठेवलं. मग नावांतून संदेश शोधणाऱ्यांना सरसकट चूक कसं म्हणायचं?

शब्दांकुर:
दीपस्तंभ, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. शास्त्र स्वतः नावांशी खेळतं, पण तो खेळ वेगळा आहे. तिथे अर्थ शब्दकोशातून येत नाही, बाळंतिणीच्या तोंडून येतो. लेआ नावडती. पहिला मुलगा होतो, रऊबेन. नाव सरळ ऐकलं तर 'बघा, मुलगा!' पण ती म्हणते, 'परमेश्वरानं माझं दुःख पाहिलं.' दुसरा शिमोन: 'मी नावडती आहे हे त्यानं ऐकलं.' तिसरा लेवी: 'आता नवरा मला जडून राहील.' चौथ्याला, यहूदाला, नवऱ्याचा उल्लेखच नाही: 'आता मी परमेश्वराची स्तुती करीन.' चार नावांत एका बाईचा सगळा संसार आला. राहेलच्या योसेफला तर एका दमात दोन धातू लावलेत: देवानं माझी अप्रतिष्ठा 'काढून घेतली', आणि आणखी एक मुलगा 'वाढवो'.

आता शमुवेल. त्याची आई हन्ना म्हणते, 'मी परमेश्वराकडे त्याला मागितलं.' मागण्याचा धातू शाअल. पण त्यातून शमुवेल नाव निघत नाही, शौल निघतं! शौल म्हणजेच 'मागितलेला'. १ शमुवेल १:२८ मध्ये तर हिब्रूत अक्षरशः 'तो शाऊल आहे' असे शब्द येतात. ही गोष्ट मुळात शौलाच्या जन्माची होती, असं काही अभ्यासक म्हणतात. मला वाटतं लिहिणाऱ्यानं जाणूनबुजून कानात ते नाव पेरलंय, कारण पुढे लोक राजा मागणार आहेत आणि शमुवेलालाच शौलाचा अभिषेक करावा लागणार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गोष्टीत आईनं किंवा बापानं जो अर्थ सांगितला तो मनापासून घ्या. लामेख नोहाबद्दल जे बोलला ते घ्या. बाहेरून हताश, मृत्यू, दुःख आणून ओतू नका.

नारळीपोफळी:
+१. हन्नेचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरात दोन शमुवेल झाले, पण कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शेवंती:
पाटवाट, तुमच्या मूळ प्रश्नाकडे परत येते. नावांत लपलेलं वाक्य हवंच असेल तर ते आहे, पण उत्पत्तीत नाही. १ इतिहास २५:४ काढा.

दावीदाच्या काळचा गायक हेमान. त्याला १४ मुलगे आणि ३ मुली. मुलांची नावं: बुक्कीया, मत्तन्या, उज्जीएल, शबुएल, यरीमोथ. इथपर्यंत नेहमीची नावं. आणि मग: हनन्या, हनानी, अलियाथा, गिद्दल्ती, रोममती-एजेर, याश्बकाशा, मल्लोथी, होथीर, महजियोथ. गिद्दल्ती म्हणजे 'मी थोर केलं'. रोममती म्हणजे 'मी उंचावलं'. 'मी अमुक केलं' असं मुलाचं नाव कोण ठेवतो? ही नऊ नावं स्वरांत थोडा फरक करून सलग वाचली की साधारण असं होतं: 'हे याह, माझ्यावर कृपा कर, कृपा कर, माझा देव तूच, मी थोरवी गाइली, साहाय्य उंचावलं, संकटात बसून मी बोललो, विपुल दर्शनं दे.' शेवटच्या शब्दांचे अर्थ इकडेतिकडे लावतात, पण सुरुवात कुठल्याही स्तोत्रात शोभेल अशी आहे. पुढच्याच वचनात हेमानाला राजाचा द्रष्टा म्हटलंय, म्हणून 'दर्शनं' हा शब्द तिथे बसतो.

मोजपट्टी:
पण त्याच अध्यायात पुढे चिठ्ठ्या टाकल्यात. गिद्दल्ती, महजियोथ वगैरे सगळे खरे माणूस म्हणून येतात, प्रत्येकाच्या गटात त्याला धरून १२ जण. २४ गट, एकूण २८८. मग ते स्तोत्र की माणसं?

शेवंती:
दोन्ही असू शकतं. गायकांच्या तुकड्या आपापल्या पदाच्या पहिल्या शब्दानं ओळखल्या जात असतील. किंवा गवयाच्या घरात बापानं एका आवडत्या पदाचे शब्द एकेका मुलाला दिले असतील. मला दुसरं जास्त आवडतं.

खालूबाजा:
आमच्या भजनी मंडळात सांगतो. चौदा पोरं झाली की अभंग पुरा.

दीपस्तंभ:
शेवंतीताई, हे वचन मी किती वेळा ओलांडून गेलो असेन. येत्या रविवारी अभ्यासवर्गात घेणार आहे. ढकलपत्राबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण हेमान मुलांना नक्की शिकवीन.

पाटवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. गटात दोन गोष्टी टाकल्या: शब्दांकुरांनी लिहिलेले दहा नावांचे अर्थ, आणि १ इतिहास २५:४. मामांचा लगेच फोन आला. मथुशलहवरून ते थोडे रागावले, पण हेमानाचं वचन त्यांना उपासनेत मोठ्यानं वाचायचं आहे. चौदाही नावं सलग वाचू का, विचारत होते.

शेवंती:
चौदाही वाचू द्या, पण यरीमोथनंतर एक श्वास घ्यायला सांगा. स्तोत्र हनन्यापासून सुरू होतं. आणि गिद्दल्ती, रोममती या दोन्हींत 'ती' दीर्घ म्हणायचा, 'मी केलं' तिथेच आहे.